रेकॉर्डवरचं आठवं गाणं

“पुन्हा,” होशंग म्हणाला.

काचेपलीकडं एझरानं कानांवरचे हेडफोन काढले, कपाळ पुसलं आणि पुन्हा चढवले. रेकॉर्डिस्ट मस्कारेन्हस टेप मागं घेत होते. त्यांच्या खोलीतली ती भलीमोठी चाकं उलटी फिरताना पाण्यातून हवा गेल्यासारखा आवाज यायचा. सकाळपासून तो आवाज मी इतक्यांदा ऐकला होता की मोजणं सोडून दिलं होतं.

“सूर तर लागतोय,” मी म्हणाले.

“सूर लागतोय गं,” होशंग हातातली पेन्सिल दातांत धरून म्हणाला. “पण खोटं वाटतं. दुकानात कापड दाखवतात तसं गातोय.”

ही फेब्रुवारी १९७२ची गोष्ट. युद्ध संपून दोन महिने झाले होते, तरी फोर्टातल्या त्या स्टुडिओच्या जिन्यावरच्या खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच चिकटलेले होते. आमच्या बँडचं नाव ‘द सॉल्ट पॅन्स’. आमच्या बेस वाजवणाऱ्याचे वडील वडाळ्याच्या मिठागरात कामाला होते, त्यावरून पडलेलं. होशंग गिटार वाजवायचा, चाली बांधायचा, इंग्रजी गाणीही लिहायचा, आणि सगळ्यांवर ओरडायचं कामही त्याचंच. एझरा आष्टमकर गायचा. मी ऑर्गन वाजवायचे. रविवारी सकाळी भायखळ्याच्या चर्चमध्ये आणि शनिवारी दुपारी कॉलेजांच्या गच्च्यांवर. नगरला माझे वडील पाळक होते. त्यांना यातली फक्त रविवारची बाजू माहीत होती.

दोन वर्षं आम्ही कानठळ्या बसवणारं रॉक वाजवलं. मग एका लग्नात एझरानं एक संथ गाणं म्हटलं. ते ऐकून रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस होशंगकडं आला आणि म्हणाला, अशी आठ गाणी करा, आम्ही एलपी काढतो. अशी म्हणजे सोल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून बाहेर पडून रस्त्यावर आलेलं संगीत. मला ते ऐकताक्षणी ओळखीचं वाटलं होतं. प्रार्थनेतला ‘देवा’ काढून तिथं ‘प्रिये’ घातलेलं, एवढाच काय तो फरक.

“गोरे पोरगे हे गायला लागले की तिकडं त्याला ब्लू-आइड सोल म्हणतात,” होशंगनं आम्हाला मासिक दाखवत सांगितलं होतं. “निळ्या डोळ्यांचं सोल.”

“मग आपलं कुठल्या डोळ्यांचं?” बेसवाल्यानं विचारलं.

होशंगनं एझराची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं होतं. एझराचे डोळे घारे होते, खाडीच्या पाण्यासारखे. “याचे अर्धे निळे धरा,” तो म्हणाला. “तेवढ्यावर भागवू.”

रेकॉर्डचं नाव ठरलं ‘भायखळा ब्रिज’. सात गाणी झाली होती. आठवं बाकी होतं, आणि तेच होशंगला सगळ्यात जवळचं. त्याची मैत्रीण कॅनडाला निघून गेली तेव्हा लिहिलेलं. त्याचं वादन आम्ही आदल्या दिवशीच टेप करून ठेवलं होतं. आता त्या टेपवर एझरानं फक्त गायचं होतं, आणि तेच होत नव्हतं.

“दहा मिनिटं सुट्टी,” होशंग म्हणाला.

मी आणि एझरा खाली इराण्याकडं गेलो. त्यानं चहा मागवला आणि बशीत ओतून तसाच ठेवला.

“कृपा, एक काम करशील?”

“काय?”

“आईला सांगशील?”

काय सांगायचं ते मला माहीत होतं. बँडमधल्या सगळ्यांनाच माहीत होतं. एझराचे लोक बेने इस्राएल ज्यू, मूळचे अलिबागकडचे. पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे. त्याचा थोरला भाऊ मोजेस आधीच इस्राएलला जाऊन दिमोनाच्या कापड गिरणीत लागला होता. वडील नव्हते. आता आई, धाकटी बहीण लेआ आणि एझरा, तिघांचे कागद आले होते. रविवारी दुपारचं तेहरानमार्गे जाणारं विमान होतं. नागपाड्याची खोली रविवारी सोडायची होती, भांडी शेजाऱ्यांत वाटून झाली होती.

आणि आठवड्यापूर्वी एझरानं कंपनीच्या करारावर सही केली होती. गायकानं वर्षभर इथं राहून कार्यक्रम केले तरच रेकॉर्ड बाजारात येणार होती. म्हणजे तो जाणार नव्हता. हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं.

“मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही,” मी म्हणाले.

“म्हणूनच. तू परकी आहेस. तुझ्यासमोर ती रडणार नाही.”

“मला जमणार नाही, एझरा. आई तुझी आहे. तुझं तू सांग.”

“काल घरी मलिदा होता. निघायच्या आधी प्रार्थना करून हा प्रसाद वाटतात आमच्यात. सगळे नातेवाईक आले होते. मी गेलोच नाही. होशंगच्या गॅरेजमध्ये जाऊन झोपलो.” तो बशीकडं बघत होता. “तिनं माझी वाट बघून प्रार्थना सुरू केली असेल. तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही.”

“रविवारी काय करणार आहेस मग? विमानतळावर तरी उभं राहशील ना?”

बशीतला चहा त्यानं परत कपात ओतला.

आम्ही जिना चढून वर आलो तर स्टुडिओच्या बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. पांढरट सुती पाचवारी, डोक्यावरून पदर, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. एझरा पायरीवरच थांबला. बाईंनी मान वर केली. तेच घारे डोळे.

“आलास होय?” त्या म्हणाल्या. “होशंगच्या घरी फोन केला शेजारून. त्याच्या बहिणीनं पत्ता दिला. मलिदा आणलाय. काल तुझा वाटा राहिला.”

“आई, इथं कशाला आलीस एवढ्या लांब...”

“तू आला नाहीस, म्हणून मी आले.” त्या माझ्याकडं वळल्या. “ही कोण?”

“कृपा. आमच्या बँडमध्ये वाजवते.”

“बस, बाय,” त्यांनी बाकावर हात थोपटला.

तेवढ्यात दार उघडून होशंग ओरडला, “एझरा, चल, मस्कारेन्हसना चारला दुसरं रेकॉर्डिंग आहे!” मग त्यानं बाईंना पाहिलं, जीभ चावली आणि एकदम नमस्कार केला. एझरा त्याच्या बाजूनं सटकून आत गेला. खरं सांगायचं तर पळाला.

“मला ऐकू देतील का?” बाईंनी मला विचारलं. “तो गातो म्हणतात. घरात कधी गात नाही. मी कधी ऐकलंच नाही.”

मी त्यांना रेकॉर्डिस्टच्या खोलीत नेलं. मस्कारेन्हसनी स्वतःची खुर्ची दिली आणि उभं राहून काम करू लागले. होशंग भिंतीला टेकला. मी बाईंच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले. काचेपलीकडं एझरानं हेडफोन चढवले, वर पाहिलं, आणि आई समोर बसलेली दिसताच त्याचा हात कानावरच राहिला.

“टेप,” मस्कारेन्हस म्हणाले. लाल दिवा लागला.

टेपवर माझा ऑर्गन सुरू झाला, मग गिटार. एझरानं डोळे मिटले. एक क्षण मला वाटलं, हा गाणारच नाही. मग त्याचा आवाज आला, आणि तो सकाळचा आवाज नव्हता. त्यात काहीतरी सैल झालं होतं.

बाई पुढं झुकल्या. माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाल्या, “काय म्हणतोय गं तो? मला सांग.”

गाण्याची पहिली ओळ अशी होती: गाडी सुटतेय, राणी, आणि तुझ्या ओठांची चव अजून माझ्या ओठांवर आहे.

हे मी कुणाच्या आईला कसं सांगणार? माझे कान तापले.

“म्हणतोय,” मी कुजबुजले, “गाडी सुटतेय, आई. आणि तुझ्या हातची चव अजून माझ्या तोंडात आहे.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलले. रडतायत, असं मला वाटलं.

“पुढं?”

पुढची ओळ होती: तू एक शब्द बोल, मी सगळं सोडून येतो.

ती मी सांगायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. होशंगच्या कॅनडातल्या पोरीसाठी ती ओळ ठीक होती. पण मी ती मराठीत या बाईंच्या कानात सांगितली असती, तर ती एझरानं आईला दिलेला शब्द झाली असती. रविवारी तो शब्द खोटा पडणार होता. खाली चहा पिताना मी म्हणाले होते की मला जमणार नाही. आता माझ्याकडं दोनच रस्ते उरले होते. एक तर धादांत खोटं सांगायचं, नाहीतर खरं.

“म्हणतोय, तू सगळं सोडून चाललीस. तू बोलत नाहीस, पण मला कळतं.”

बाई काचेकडं बघत होत्या. एझराच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ध्रुवपद आलं. होशंगनं लिहिलं होतं की समुद्र असो, वाळवंट असो, मी तुझ्यामागं अनवाणी चालत येईन. सकाळपासून हीच ओळ पोकळ वाजत होती. आता ती गाताना एझरानं डोळे उघडले आणि सरळ आईकडं पाहिलं. त्याचा आवाज तिथं फाटला. ‘येईन’वर फाटला, आणि त्यानं तो सावरला नाही, तसाच पुढं नेला.

“काय म्हणतो?” बाईंनी विचारलं.

“मध्ये समुद्र आहे,” मी म्हणाले. “वाळवंट आहे. मला तुझ्यामागं येता येणार नाही, आई.”

होशंगनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. शब्द त्याचे होते, आणि मुंबईत जन्मलेल्या त्या पारशाला मराठी चांगलं कळत होतं. पेन्सिल खिशात ठेवून तो पुन्हा काचेकडं वळला.

बाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात खरखरीत होता आणि गरम. दुसरं कडवं झालं. त्यात त्या पोरीच्या मोकळ्या केसांविषयी काहीतरी होतं. त्याचं मी काय केलं ते आता आठवत नाही. बहुतेक ‘थंडीत डोकं झाकून घे’ असं सांगितलं असावं. मग दार लावून घेऊ नकोस, मी येऊन ठोठावीन, असं होतं. ते मात्र मी होतं तसंच सांगितलं.

शेवटी गाणं संपत आल्यावर शब्द नव्हतेच. तो नुसता आकार लावून वर चढत होता आणि खाली माझा ऑर्गन त्याला धरून होता. सोलमध्ये असं असतं. सांगायचं संपतं, पण गळा थांबत नाही.

“आता काय म्हणतो?” बाईंनी विचारलं.

आता तो काहीच म्हणत नव्हता. पण त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मी बोलून गेले:

“म्हणतोय, काळजी करू नकोस. मी इथं एकटा नाही.”

लाल दिवा विझला. मस्कारेन्हसनी टेप थांबवली आणि चष्मा काढून पुसायला लागले. “हाच ठेवू,” ते म्हणाले. “जिथं आवाज फाटलाय त्याच्यासकट.”

बाई उठल्या, डबा घेतला आणि आतलं दार ढकलून एझराकडं गेल्या. मस्कारेन्हसनी आतला माइक बंद केलेला नव्हता, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू आलं. डबा उघडल्याचा आवाज. मग, “तोंड उघड.” भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. त्यांनी लहान मुलाला भरवावं तसं त्याला भरवलं.

“रविवारी दुपारी दोनला विमानतळावर ये,” त्या म्हणाल्या. “सोडायला.”

“सोडायला?” एझराच्या तोंडात घास होता.

“मग? तू थोडाच येणार आहेस.”

त्याला ठसका लागला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. “पाणी पी. तुझा आजा कीर्तनं गायचा रेवदंड्याला. गाताना त्याचा आवाज असाच फाटायचा. लोक म्हणायचे, आवाज खराब झाला. मला तर तेवढाच आवडायचा.” मग त्या म्हणाल्या, “लेआला मी सांगते. मोजेस चिडेल. चिडू दे.”

एझरानं त्यांच्या खांद्यावरून काचेपलीकडं माझ्याकडं पाहिलं. मी स्टूल जागेवर ठेवायला लागले.

रेकॉर्डचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर मनात उगाच राहायचं. ‘भायखळा ब्रिज’ जूनमध्ये निघाली. कव्हरवर पुलाच्या कठड्याला टेकून ड्रमवाल्यासकट आम्ही पाच जण, माझे डोळे उन्हानं मिटलेले. वर्तमानपत्रात एक परिच्छेद आला. त्यात लिहिलं होतं की हे अनुकरण आहे, पण आठव्या गाण्यात गायक अनुकरण करायला विसरला आहे. विकली फारशी गेली नाही. वर्षभर आम्ही पुण्याला, नाशिकला, देवळालीला कार्यक्रम केले. मग होशंग कॅनडाला गेला, त्या पोरीसाठी नाही, नोकरीसाठी. बेसवाला गोदीत लागला. एझरा एका शाळेत गाणं शिकवू लागला आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिला. त्या आठ गाण्यांनी कुणाचं नशीब उघडलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

रेकॉर्डिंगच्या त्या गुरुवारी संध्याकाळी एझरानं मला विचारलं होतं, “तिला कुणी सांगितलं?” मी म्हणाले, “आईला कळतं.” हे काही उत्तर नव्हतं, पण तो दमलेला होता. त्यानं पुढं विचारलं नाही. मी मात्र स्वतःवर जरा खूश होते. एका साध्याभोळ्या बाईला धक्का न देता खरं सांगितलं, निरोप पोहोचवला, आणि कुणाला काही कळलं नाही, असं मला वाटत होतं.

रविवारी मी चर्चमधून तशीच सांताक्रूझच्या विमानतळावर गेले. मी यावं असा बाईंचा निरोप होता. एझरा आदल्या संध्याकाळी, शनिवारचा शब्बाथ उतरल्यावर, घरी गेला होता. रिकाम्या खोलीत तिघं शेवटची चटईवर झोपली होती. त्याचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा मोकळा दिसत होता. लेआ नवे बूट घालून लंगडत होती.

काउंटरवरच्या मुलीनं पिशवीकडं बोट दाखवून मोठ्या आवाजात, सावकाश, हिंदीत विचारलं, “माँजी, इस में क्या है?”

बाईंनी चष्मा वर केला. आणि मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं. स्वच्छ, घोटीव, थोडं जुन्या वळणाचं इंग्रजी, एखाद्या विलायती बाईकडून उचलल्यासारखं. ही वाळवलेली आमसुलं आहेत, माशांच्या कालवणात घालतात, यातून काही गळत नाही, कुजत नाही. हवं तर उघडून दाखवते, पण पुन्हा इतकी घट्ट बांधायला मला वेळ लागेल आणि माझ्यामागं रांग आहे. काउंटरवरची मुलगी “नो, नो, मॅडम” म्हणत चिठ्ठ्या चिकटवायला लागली.

मी एझराकडं वळले.

“तुझ्या आईला इंग्रजी येतं?” मी एझराला विचारलं.

“म्हणजे काय?” तो ट्रंक उचलता उचलता म्हणाला. “सव्वीस वर्षं नर्स होती. मॅट्रन इंग्लिश होती तिची. माझे इंग्रजी निबंध तीच तपासायची. का?”

गाडी, ओठ, केस, वाळवंट, एकेक ओळ माझ्या डोळ्यांसमोरून जायला लागली. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

एझरा आणि लेआ कुठल्याशा कागदावर शिक्का मारून घ्यायला गेले. बाईंनी मला खांबाशी बोलावलं.

“मावशी,” मी म्हणाले, “तुम्हाला सगळं कळत होतं.”

“कळत होतं.”

“मग मला विचारलंत कशाला?”

“आधी खरंच विचारलं. तो आवाज ओढून, शब्द चावून गातो, पहिली ओळ मला लागली नाही. मग तू ओठांचं हात केलंस.” त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. “मला इतकं हसू आलं, पदर तोंडात कोंबावा लागला.”

“मला वाटलं, तुम्ही रडताय.”

“ते नंतर. तो म्हणत होता, अनवाणी तुझ्यामागं येईन. आणि तू म्हणालीस, येता येणार नाही.” त्यांनी चष्मा काढला. “आठवडाभर मी त्याच्या तोंडाकडं बघतेय. दर वेळी तो म्हणायचा, हो आई, भरतो बॅग, हो आई. शब्द मला त्याचेही कळत होते, बाय. पण खरं तू सांगितलंस. कुणीतरी सांगायला हवंच होतं.”

“मी तुम्हाला फसवलं.”

“फसवलंस कुठं? मीच ऐकत बसले.” लाउडस्पीकरवर कसली तरी सूचना झाली. त्या थांबल्या, ती संपू दिली. “एक मात्र मला कळलं नाही. शेवटी तो नुसता आ आ करत होता. त्याच्यात शब्दच नव्हते. होते का?”

“नव्हते.”

“मग ‘मी इथं एकटा नाही’, हे कुणी म्हटलं?”

मी खाली बघितलं. माझ्या चपलांना चर्चच्या अंगणातली लाल माती लागली होती. गेली दोन वर्षं मी कुणाला हे सांगितलं नव्हतं. होशंगला नाही, माझ्या बहिणीला नाही, एझराला तर नाहीच.

बाईंनी माझी हनुवटी वर केली. माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी मग ना मला मिठी मारली, ना आशीर्वाद दिला. परिचारिका रोग्याच्या अंगावरची चादर सारखी करते तसा त्यांनी माझ्या साडीचा पदर खांद्यावर नीट केला.

“त्याला मासे नीट निवडता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. “काटे बघ.”

मग लेआ आली, शिक्का मिळाला होता. निरोपाला फार वेळ लागला नाही. एझरा आईच्या पाया पडायला वाकला, ते त्यांनी होऊ दिलं नाही, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळावर ओठ टेकले आणि हिब्रूत काहीतरी पुटपुटल्या. दारातून आत जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. लेआनं मात्र पाच-सहा वेळा पाहिलं.

आम्ही गॅलरीत उभं राहून विमान जाताना बघितलं. ते दिसेनासं झाल्यावरही एझरा कठड्याला धरून उभा होता. मग आम्ही बाहेर येऊन रस्त्यावरच्या बसथांब्याकडं चालत गेलो. ऊन कडक होतं. थांब्यामागच्या बुटक्या भिंतीवर आम्ही बसलो.

“आई खांबाशी तुला काय सांगत होती?”

“मासे.”

“कृपा. तिला कसं कळलं, सांग ना.”

“मी सांगितलं.”

“कधी?”

“तू गात होतास तेव्हा.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्या ओळीपासून, त्याचे शब्द आणि माझे शब्द. ओठांचं सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. रस्त्यानं जाणारा एक माणूस वळून बघायला लागला. अनवाणी येण्याचं सांगितलं तेव्हा त्याचं हसू गेलं. त्यानं तोंड ओंजळीत धरलं आणि तो रडला. विमानतळावर रडला नव्हता, तेवढं सगळं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. नुसती शेजारी बसून राहिले. एक बस आली, थांबली, गेली.

मग तो म्हणाला, “आणि शेवटी? शेवटी तर शब्द नव्हते. तिथं तू काय सांगितलंस?”

मी सांगितलं.

रुमाल नव्हता म्हणून त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. पुढची बस आली ती भायखळ्याची, माझी. होशंगच्या गॅरेजला, ताडदेवला जाणारी नव्हती. मी चढले. माझ्यामागून एझराही चढला आणि शेजारी येऊन बसला.

“भायखळा,” मी कंडक्टरला सांगून पैसे दिले. त्यानं तिकीट फाडलं आणि एझराकडं वळला.

“तुम्ही कुठं?”

एझरानं खिशातून नाणी काढून त्याच्या हातावर ठेवली.

“ही उतरेल तिथं,” तो म्हणाला.